अवकाशयानांची नावं कशी पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यातल्या शाळांत मी बरीच वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. दुर्बीण लावून होईपर्यंत लेकरं रांगेत उभी असतात आणि तेवढ्यात प्रश्न सुरू होतात. कार्यक्रम संपल्यावर ते पालकांच्या फोनवरून येतात. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलंही विचारतात. गंमत अशी, की ग्रहताऱ्यांपेक्षा नावांबद्दलचे प्रश्न जास्त असतात. तेच ते पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर.

१. यानाचं नाव ठरवतं कोण? त्यासाठी जागतिक संस्था आहे का?

नाही. ज्याचं यान, त्यानं नाव ठेवायचं. भारतात प्रकल्पावर काम करणारे शास्त्रज्ञ नावं सुचवतात, ती इस्रोच्या वरिष्ठांकडं जातात आणि मोठ्या मोहिमेचं नाव बहुतेक वेळा पंतप्रधानांच्या तोंडून देशाला कळतं.

पहिल्या उपग्रहापासून हे असंच चालत आलं आहे. १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार तळावरून आपला पहिला उपग्रह गेला. त्याच्यासाठी तीन नावं समोर होती: आर्यभट, मित्र आणि जवाहर. 'मित्र' हे भारत-सोव्हिएत मैत्रीसाठी होतं. निवड इंदिरा गांधींनी केली. यादीत स्वतःच्या वडिलांचं नाव असताना त्यांनी पाचव्या शतकात जन्मलेल्या गणितज्ञाचं नाव निवडलं. मला ही निवड फार मोलाची वाटते, कारण पुढच्या सगळ्या नावांना तिथून वळण लागलं.

जाता जाता: नाव 'आर्यभट' आहे, 'आर्यभट्ट' नाही. शेवटचा ट जोडाक्षर नाही.

ग्रहांवरच्या आणि चंद्रावरच्या जागांची नावं मात्र एक जागतिक संस्था ठरवते. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

२. एकाच यानाला दोन-तीन नावं कशी? खरं कोणतं धरायचं?

आपल्या घरात पाळण्यातलं नाव एक असतं, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं आणि गल्लीत हाक मारायचं तिसरं. यानांचंही तसंच असतं.

५ नोव्हेंबर २०१३ ला निघून २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या आपल्या यानाचं दाखल्यावरचं नाव 'मार्स ऑर्बिटर मिशन'. 'मंगळयान' ही लोकांची हाक, आणि ती इतकी रुळली की दाखल्यावरचं नाव फक्त परीक्षेपुरतं उरलं. हिंदीत ते 'मंगलयान' असतं. मराठीत लिहिताना आपला ळ सोडू नये.

रॉकेटचंही असंच झालं. 'जीएसएलव्ही मार्क-३' हे नाव २०२२ मध्ये बदलून 'एलव्हीएम-३' झालं. जीएसएलव्ही या नावातच भूसमकालिक कक्षा आहे, म्हणजे उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढ्याच वेळात एक फेरी मारतो ती उंच कक्षा, आणि तेच रॉकेट आता खालच्या कक्षेत परदेशी उपग्रह नेणार होतं. मग जुनं नाव त्याच्या कामाशी जुळेना. वर्तमानपत्रं मात्र त्याला बाहुबलीच म्हणतात.

याशिवाय प्रत्येक यानाला एक चौथं नाव असतं आणि ते जगभर एकच असतं: आंतरराष्ट्रीय नोंदीतला क्रमांक. आर्यभटचा क्रमांक १९७५-०३३ए. म्हणजे १९७५ सालातलं तेहतिसावं प्रक्षेपण आणि त्यातली 'ए' ही वस्तू. सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसं समजा. शेताला आपण 'पांढरीचं' म्हणा की 'विहिरीकडचं' म्हणा, गट नंबर बदलत नाही.

३. 'चंद्रयान' हे नाव कुणी दिलं?

शास्त्रज्ञांच्या मनात आधी 'सोमयान' होतं. सोम म्हणजे चंद्र, सोमवारातला सोम तोच. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी 'चंद्रयान' सुचवलं आणि १५ ऑगस्ट २००३ ला लाल किल्ल्यावरून ते जाहीर केलं. यान प्रत्यक्ष गेलं २२ ऑक्टोबर २००८ ला. म्हणजे बारसं आधी झालं आणि जन्म पाच वर्षांनी.

मला स्वतःला 'सोमयान' नादाला जास्त गोड वाटतं. पण चौथीतल्या लेकरालाही ऐकताक्षणी कळेल असं 'चंद्रयान'च आहे, आणि एवढ्या मोठ्या मोहिमेला तेच हवं होतं.

४. 'चंद्रयान' लिहायचं की 'चांद्रयान'? वर्तमानपत्रात दोन्ही दिसतं.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आलेला आहे, शिक्षकांकडूनसुद्धा.

व्याकरणानं दोन्ही शब्द होतात. 'चांद्र' हे चंद्रापासून तयार झालेलं विशेषण आहे. चांद्रमास म्हणतो तसं चांद्रयान, म्हणजे चंद्रासंबंधीचं यान. 'चंद्रयान' हा सरळ समास आहे, चंद्राकडं जाणारं यान. 'या' म्हणजे जाणं या संस्कृत धातूपासून 'यान' आलं.

माझं मत असं: इस्रोनं जे ठेवलं ते विशेषनाम आहे आणि विशेषनाम ज्याचं त्यानं ठेवलं तसंच लिहावं. म्हणून 'चंद्रयान-३'. सामान्यनाम म्हणून, कुठल्याही देशाच्या चंद्राकडं जाणाऱ्या यानाबद्दल बोलताना 'चांद्रयान' लिहावं. 'जपानचं चांद्रयान' बरोबर, 'इस्रोचं चंद्रयान-३' बरोबर. आणि एक बघा, मंगळाच्या वेळी कुणी 'मांगळयान' लिहिलं नाही.

५. 'विक्रम' नाव इतक्या ठिकाणी का येतं? चंद्रयान-२ आणि ३ दोन्हींचा लँडर विक्रमच कसा?

विक्रम म्हणजे डॉ. विक्रम साराभाई, भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घालणारे. चंद्रयान-२ च्या लँडरला त्यांचं नाव दिलं आणि त्यातून उतरायच्या गाडीला 'प्रज्ञान', म्हणजे सखोल जाण. सप्टेंबर २०१९ मध्ये तो विक्रम चंद्रावर आदळला. चंद्रयान-३ च्या वेळी नवं नाव ठेवता आलं असतं, पण इस्रोनं तीच दोन नावं पुन्हा ठेवली आणि २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम अलगद उतरला. अपयशानंतर नाव टाकून दिलं नाही, ही गोष्ट मी प्रत्येक शाळेत आवर्जून सांगतो.

साराभाईंचं नाव आणखी एका ठिकाणी दडलेलं आहे. आपल्या रॉकेटमधल्या 'विकास' इंजिनाचा अर्थ प्रगती असा लागतोच, पण विक्रम अंबालाल साराभाई या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की तोच शब्द होतो असं त्या काळातले अभियंते सांगतात. हैदराबादच्या एका खासगी कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये उडवलेल्या रॉकेटचं नावही 'विक्रम-एस'. ती मोहीम होती 'प्रारंभ'.

६. आदित्य-एल१ म्हणजे पहिला आदित्य ना? मग एल२ कधी जाणार?

इथं फसगत होते. आधी या प्रकल्पाचं नाव खरंच 'आदित्य-१' होतं, पहिला या अर्थानं. पृथ्वीभोवती साधारण ८०० किलोमीटरवर फिरत सूर्य पाहायचा असा बेत होता. पुढं मोहीम मोठी झाली आणि यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एका खास जागी न्यायचं ठरलं. तिथं सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा असा मेळ बसतो, की यान फार इंधन न जाळता पृथ्वीसोबत सूर्याभोवती फिरत राहतं आणि सूर्य सतत समोर दिसतो. अशा पाच जागा आहेत. गणितज्ञ लाग्रांज यांच्या नावावरून त्यांना एल१ ते एल५ म्हणतात. म्हणजे नावातला 'एल१' हा पत्ता आहे, अनुक्रमांक नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं यान ६ जानेवारी २०२४ ला त्या पत्त्यावर पोचलं.

७. इन्सॅट, नाविक, सरल: हे शब्द आहेत की आद्याक्षरं?

इन्सॅट ही शुद्ध आद्याक्षरं, 'इंडियन नॅशनल सॅटेलाइट'. बाकीच्यांत शास्त्रज्ञांनी आद्याक्षरांतून अर्थाचा शब्द साधलेला असतो.

'सरल' हा फेब्रुवारी २०१३ मध्ये गेलेला समुद्राची पातळी मोजणारा भारत-फ्रान्सचा उपग्रह. त्यावरच्या दोन उपकरणांच्या नावांतून अक्षरं घेऊन हा शब्द जुळवला. आपल्या दिशादर्शक उपग्रहांच्या प्रणालीला आधी 'आयआरएनएसएस' असं जिभेला न पेलणारं नाव होतं. एप्रिल २०१६ मध्ये तिचा सातवा उपग्रह गेला तेव्हा पंतप्रधानांनी 'नाविक' हे नाव दिलं. इंग्रजीत ती आद्याक्षरं आहेत, आपल्या कानाला तो होडी वल्हवणारा आहे. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' कार्यक्रम आहे, तो 'युवा विज्ञानी कार्यक्रम' यातल्या पहिल्या अक्षरांचा.

आमच्या शेतकरी पालकांना मी नेहमी आणखी एक नाव सांगतो. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात एक छोटी पेटी होती आणि तिच्यात चवळीचं बी. चार दिवसांत ते उगवलं, पुढं पानंही फुटली. त्या पेटीच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं होतात 'क्रॉप्स', म्हणजे पिकं. वसमतजवळच्या एका गावात हे सांगितलं तेव्हा मागं बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पाणी कसं दिलं?" नावापेक्षा तो प्रश्न चांगला होता.

८. 'चंद्रा' वेधशाळा चंद्राचा अभ्यास करते का?

नाही. एका सराव परीक्षेच्या उत्तरसूचीत मी हे चुकीचं उत्तर स्वतः पाहिलं आहे आणि ते पाठ केलेली मुलं मला भेटली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'चंद्रा' ही नासाची क्ष-किरण दुर्बीण. २३ जुलै १९९९ ला ती अवकाशात गेली. कृष्णविवरांभोवतीचा तापलेला वायू, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष असं ती पाहते. आधी तिला 'एएक्सएएफ' म्हणत. १९९८ मध्ये नासानं नावासाठी स्पर्धा घेतली, ६१ देशांतून सुमारे ६,००० नावं आली. निवडलेलं नाव दोघांनी सुचवलं होतं, एक शाळकरी विद्यार्थी आणि एक शिक्षिका. दोघंही अमेरिकेतले. ते नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. विझत आलेला तारा किती वजनापर्यंत स्वतःला सावरू शकतो हे त्यांनी गणितानं दाखवलं. १९८३ चं नोबेल त्यांना मिळालं. १९९५ मध्ये ते गेले. सहकारी त्यांना 'चंद्रा' म्हणत, तीच हाक दुर्बिणीला मिळाली.

९. जिवंत माणसाचं नाव यानाला देतात का?

क्वचित. नासानं पहिल्यांदा दिलं ते २०१७ मध्ये. सूर्याजवळ जाणाऱ्या यानाचं 'सोलर प्रोब प्लस' हे नाव बदलून 'पार्कर सोलर प्रोब' केलं. सूर्यापासून कणांचा वारा सतत वाहतो हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडलं तेव्हा फार थोड्यांनी मान्य केलं होतं. १२ ऑगस्ट २०१८ ला ९१ वर्षांचे पार्कर आपल्याच नावाचं यान सुटताना समोर उभं राहून पाहत होते. साठ वर्षांपूर्वी ज्याला लोकांनी वेड्यात काढलं, त्याच्या नावाचं यान त्याच वाऱ्यात शिरायला निघालं होतं.

जेम्स वेब दुर्बिणीच्या नावावरून मात्र वाद झाला. वेब हे १९६१ ते १९६८ या काळात नासाचे प्रमुख होते, शास्त्रज्ञ नव्हते. २००२ मध्ये तेव्हाच्या नासाप्रमुखांनी हे नाव दिलं. वेब सरकारी सेवेत असताना समलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढलं जात होतं, म्हणून नाव बदला अशी मागणी अनेक खगोलशास्त्रज्ञांनी केली. नासानं ते बदललं नाही.

१०. एकदा ठेवलेलं नाव बदलता येतं का?

येतं, आणि बदलण्यामागं कधी दुःख असतं, कधी राजकारण.

१२ सप्टेंबर २००२ ला इस्रोनं 'मेटसॅट' हा हवामान उपग्रह सोडला. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, वर फिरत असलेल्या मेटसॅटचं नाव 'कल्पना-१' झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये अवकाश स्थानकाकडं सामान नेणाऱ्या एका अमेरिकी मालवाहू यानालाही त्यांचं नाव दिलं.

राजकारणाचं उदाहरण जीसॅट-९. सार्क देशांना भेट म्हणून 'सार्क उपग्रह' जाहीर झाला होता. पाकिस्ताननं अंग काढून घेतलं, मग सार्क म्हणता येईना. ५ मे २०१७ ला तो गेला 'दक्षिण आशिया उपग्रह' म्हणून.

११. यान बिघडलं किंवा पडलं तर त्याच्या नावाचं काय होतं?

आमच्याकडं पाचवी पुजल्याशिवाय आणि बारावा दिवस उजाडल्याशिवाय लेकराचं नाव ठेवत नाहीत. पूर्वी बाळं दगावायची, त्याची ती भीती. दोन देशांनी यानांच्या बाबतीत अगदी हेच केलं.

जपानमध्ये जुनी रीत अशी होती, की जमिनीवर असेपर्यंत यानाला फक्त कामाचं नाव असायचं आणि सुखरूप वर गेलं की खरं नाव मिळायचं. २००३ मध्ये 'म्युझेस-सी' नावाचं यान उडालं आणि वर गेल्यावर ते 'हायाबुसा' झालं, म्हणजे बहिरी ससाणा. त्यानंच पुढं लघुग्रहावरची धूळ पृथ्वीवर आणली.

सोव्हिएत संघानं दुसरी वाट काढली. शुक्राकडं निघालेलं यान पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडलं तरच त्याला 'व्हेनेरा' हे नाव मिळे. अडकलं तर 'कॉसमॉस' आणि एक आकडा, म्हणजे कुणाला अपयश कळायला नको. ३१ मार्च १९७२ ला सुटलेलं असंच एक यान 'कॉसमॉस ४८२' या नावानं ५३ वर्षं घिरट्या घालत राहिलं आणि १० मे २०२५ ला खाली आलं. शुक्रासाठी बांधलेलं असूनही नाव त्याला शुक्राचं कधी मिळालं नाही.

आपण नाव लपवत नाही. चंद्रयान-२ चं उदाहरण प्रश्न ५ मध्ये आहे.

१२. मोहिमांचे आकडे क्रमानं का नसतात? मधले आकडे जातात कुठं?

आकडा मोहीम आखतानाच दिला जातो. मग कुणाचं काम लांबतं, कुणाचं आधी होतं, आणि क्रम मोडतो. कल्पना चावलांची शेवटची मोहीम 'एसटीएस-१०७' होती, ती उडाली 'एसटीएस-११३' नंतर. आपलं 'जीएसएलव्ही-एफ०६' डिसेंबर २०१० मध्ये उडालं आणि 'एफ०५' त्याच्यानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये.

अक्षरांचे अर्थ: पीएसएलव्ही या आपल्या रॉकेटच्या नावात 'डी' म्हणजे विकासाच्या टप्प्यातलं उड्डाण, 'सी' म्हणजे त्यानंतरचं नियमित. २००९ मध्ये 'सी१२' नंतर थेट 'सी१४' उडालं. लोक त्याचा संबंध तेरा आकड्याशी आणि अपोलो-१३ च्या अपघाताशी जोडतात.

फसलेल्या उपग्रहाचं अक्षर सहसा पुन्हा वापरत नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये 'आयआरएनएसएस-१एच' रॉकेटच्या न उघडलेल्या आवरणातच अडकून वाया गेला. त्याच्या जागी २०१८ मध्ये गेला तो '१आय'.

२०२० पासून इस्रोनं पृथ्वी पाहणाऱ्या उपग्रहांना 'ईओएस' आणि आकडा असं साधं नाव द्यायला सुरुवात केली. 'कार्टोसॅट' म्हटलं की नकाशा, 'ओशनसॅट' म्हटलं की समुद्र, 'रिसोर्ससॅट' म्हटलं की पिकं-पाणी असं लगेच कळायचं. ते आता आकड्यावरून कळत नाही. मला हा बदल पटलेला नाही.

१३. अपोलो १ नंतर थेट अपोलो ४ कसं? आणि चंद्राच्या मोहिमेला सूर्यदेवाचं नाव का?

२७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या सरावात यानात आग लागून तीन अंतराळवीर गेले. त्या मोहिमेचा कागदोपत्री क्रमांक 'एएस-२०४' होता. त्यांच्या पत्नींनी नासाला विनंती केली, की 'अपोलो १' हे नाव आमच्या माणसांसाठीच राखून ठेवा. नासानं ते मान्य केलं. आधीच्या मानवरहित चाचण्यांना मागाहून आकडे दिले नाहीत आणि पुढचं उड्डाण 'अपोलो ४' झालं. अपोलो २ आणि ३ नावाचं काही कधी उडालंच नाही.

अपोलो हे नाव १९६० मध्ये नासाचे एब सिल्व्हरस्टीन यांनी सुचवलं. ग्रीकांचा रथात बसून आकाश ओलांडणारा हा देव त्यांना या कामाच्या भव्यतेला शोभेसा वाटला. त्याआधीच्या दोन माणसांच्या मोहिमेला 'जेमिनी' म्हणजे मिथुन हे नाव मिळालं. त्या राशीतले दोन ठळक तारे म्हणजे आपला पुनर्वसू. चंद्राकडं पुन्हा जाण्याच्या आताच्या कार्यक्रमाचं नाव 'आर्टेमिस', ती अपोलोची जुळी बहीण आणि चंद्राची देवी.

१४. 'शिवशक्ती' हे नाव जगानं मान्य केलं आहे का?

हो. चंद्रयान-३ जिथं उतरलं त्या जागेचं हे नाव पंतप्रधानांनी २६ ऑगस्ट २०२३ ला जाहीर केलं. पण चंद्रावरच्या जागेचं नाव नकाशात यायला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची मान्यता लागते. ती १९ मार्च २०२४ ला मिळाली. नकाशातलं पूर्ण नाव 'स्टॅशिओ शिवशक्ती', स्टॅशिओ म्हणजे लॅटिनमध्ये ठाणं.

हा संघ माणसांच्या नावाबाबत कडक आहे. निधन होऊन किमान तीन वर्षं झाल्याशिवाय विवराला नाव मिळत नाही. चंद्रावर साराभाई, भाभा आणि आर्यभट यांच्या नावाची विवरं आहेत.

१५. रशिया-चीनच्या यानांच्या नावांचे अर्थ काय?

रशियन 'स्पुत्निक' म्हणजे वाटेवरचा सोबती. त्यातला 'पुत' म्हणजे वाट, आपल्या 'पथ'चा आणि 'पंथ'चा दूरचा भाऊ. 'सोयूझ' म्हणजे संघ, 'व्होस्तोक' म्हणजे पूर्व.

चीनच्या चांद्रयानांचं नाव 'छांग-अ', चंद्रावर राहणारी त्यांची देवी. तिच्यासोबत एक ससा असतो, म्हणून २०१३ मध्ये उतरलेल्या गाडीचं नाव 'युतू', म्हणजे जेड या मौल्यवान दगडाचा ससा. आपल्याकडंही चंद्राला शशी आणि शशांक म्हणतात, शश म्हणजे ससाच. पौर्णिमेला तोच डाग पाहून दोन देशांना एकच प्राणी दिसला.

१६. माझ्या मुलीनं सुचवलेलं नाव यानाला मिळू शकतं का?

अमेरिकेत मिळालेलं आहे, पुष्कळदा. १९९७ च्या मंगळगाडीचं 'सोजर्नर' हे नाव बारा वर्षांच्या मुलीनं सुचवलं. गुलामीत जन्मून स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ यांचं ते नाव. 'क्युरिऑसिटी' सहावीतल्या मुलीनं सुचवलं, 'पर्सिव्हिअरन्स' सातवीतल्या मुलानं. त्या वेळी २८,००० निबंध आले होते. त्याच ढिगातला भारतीय वंशाच्या एका मुलीचा 'इंजेन्युइटी' हा शब्द मंगळावर उडालेल्या छोट्या हेलिकॉप्टरला मिळाला. या स्पर्धा अमेरिकेतल्या शाळांपुरत्या असतात.

मतदान घेतलं की सगळं सुरळीत होतंच असं नाही. २००९ मध्ये अवकाश स्थानकाच्या एका कक्षासाठी मतं मागवली, तर सर्वांत जास्त मतं टीव्हीवरच्या एका विनोदकाराच्या नावाला पडली. नासानं कक्षाचं नाव 'ट्रँक्विलिटी' ठेवलं आणि त्या माणसाचं नाव आतल्या व्यायामाच्या यंत्राला दिलं.

आपल्याकडं महाविद्यालयांनी स्वतः उपग्रह बांधून स्वतः नाव ठेवलेलं आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि मुंबई आयआयटीचा 'प्रथम', दोन्ही २०१६ मध्ये गेले. स्वयम् जेमतेम एक किलोचा होता. मुलीला नाव सुचवायचंच असेल, तर मी हा रस्ता दाखवीन.

१७. औंढ्याच्या प्रकल्पाला 'लायगो' का म्हणतात? ते यान आहे का?

यान नाही, पण हिंगोलीत हा प्रश्न टळत नाही. औंढा नागनाथजवळ होणारी ही वेधशाळा अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणारी अतिसूक्ष्म थरथर, टिपणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात असतील आणि त्यांतून लेसरचा किरण जाईल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. 'लायगो' ही तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. अमेरिकेत अशा दोन आहेत, ही तिसरी.

नावाचा धागा इथंही आहे. अशा वेधशाळेनं पकडलेल्या लहरीचं नाव तारखेवरून पडतं. पहिली १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली, ती 'जीडब्ल्यू१५०९१४': आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उद्या औंढ्यातल्या यंत्रानं लहर पकडली तर तिचंही नाव असंच पडेल. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं तिच्या वाढदिवसाची तारीख अशी लिहून वहीवर चिकटवून ठेवली आहे.

१८. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आकाशातून जळत गेलं त्याचं नाव काय?

२ एप्रिल २०२२ ची ती रात्र. दिवे लागून थोडाच वेळ झाला होता आणि ठिणग्यांची रांग आकाश कापत गेली. तुकडे पडले चंद्रपूर जिल्ह्यात. तज्ज्ञांच्या मते तो चीनच्या 'छांग-चंग ३बी' या रॉकेटचा टप्पा होता. छांग-चंग म्हणजे लांब कूच. अशा रिकाम्या टप्प्याला वेगळं नाव मिळत नाही. जागतिक नोंदीत रॉकेटच्या नावापुढं 'आर/बी' अशी खूण असते, म्हणजे रॉकेटचं धूड. वर नेलेल्या उपग्रहाला नाव आणि नेणाऱ्याला खूण.

१९. आमच्या शाळेच्या रॉकेटला नाव कसं ठेवावं?

शिक्षकांकडून हा प्रश्न येतो, म्हणून आमच्याकडं काय झालं ते सांगतो. सहावीच्या मुलांनी दोन लिटरची बाटली, पुठ्ठ्याचे पंख आणि सायकलचा पंप घेऊन पाण्यावर उडणारं रॉकेट केलं. मुलांना 'बाहुबली' हवं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली 'टिटवी', कारण टिटवी शेतात दिसत नाही आणि पाय पडला की ओरडत सरळ वर जाते. मतं घेतली तर टिटवी आली. बारशाला एका आईनं घरून घुगऱ्या करून पाठवल्या.

पहिलं रॉकेट तिरपं जाऊन कडुनिंबात अडकलं. दुसऱ्याचं बूच आधीच उडालं. मग वर्गात भांडण लागलं, की पुढचं 'टिटवी-३' म्हणायचं का. शेवटी मुलांनीच नियम केला: शाळेच्या पत्र्याच्या वर जाईल त्यालाच आकडा. प्रश्न ११ मधली जपानची रीत मी त्यांना तोवर सांगितलेली नव्हती.

तिसरं पत्र्यावरून गेलं आणि मागच्या तुरीत पडलं. ते शोधून आणायला अर्धा तास लागला. आणल्यावर मार्करनं त्यावर लिहिलं, 'टिटवी-१'.